शिट्टी नसलेल्या कुकरमधलं चिकन
स्लो कुकर घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुकर म्हटलं की आपला कान शिट्टीकडे लागतो. या कुकरला शिट्टी नाही, रिंग नाही, वाफेचा दाबही नाही. आत चिनीमातीचं जाड भांडं आणि भोवती मंद तापणारी कॉईल, एवढंच यंत्र. आतला रस्सा उकळीच्या जरा खालीच राहतो, खदखदत नाही. लो आणि हाय यांतला फरक बहुतेक वेळेचा आहे. शेवटी दोन्हीकडे रस्सा जवळपास तितकाच तापतो, हायवर लवकर आणि लोवर उशिरा.

दुकानात परत येणारी तक्रार बहुतेक एकच असते: 'चिकन मऊ झालं, पण रस्सा पुचाट झाला.' कारण सरळ आहे. लोक कांदा, वाटण, चटणी (म्हणजे कांदा-लसूण घातलेलं मसाल्याचं तिखट), चिकन, पाणी सगळं एकदम भांड्यात ओततात. पाण्यात बुडलेलं वाटण 100 अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे ते परतलं जात नाही, नुसतं उकडतं. तेल सुटत नाही, म्हणून कट, म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लाल तेल, येत नाही. झाकणाखालची वाफ थेंब होऊन परत भांड्यात पडते, म्हणून रस्सा आटतही नाही. चार तास शिजून चटणीचा रंग मंदावतो आणि लवंग-दालचिनीला कडवट चव येते.

म्हणून आमचं सांगणं असं, की स्लो कुकरमध्ये फक्त अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घातलेलं चिकन आणि त्याचं पाणी, शिजवा आणि तिखटाचं काम शेवटच्या अर्ध्या तासात गॅसवर करा. त्यात घरातल्या सगळ्यांची सोयही होते. पोरांना अळणी रस्सा-भात, थोरांना तांबडा, आजी-आजोबांना सोसेल असा पांढरा, आणि ताटात थोडं सुक्कं, हे सगळं एकाच भांड्यातल्या चिकनमधून निघतं.

साडेतीन लिटरच्या भांड्यासाठी, पाच माणसांचं माप

हाडासकट ब्रॉयलर चिकन 1 किलो, मध्यम तुकडे. दुकानदाराला 'रश्श्याचे तुकडे' म्हणून सांगा. नुसतं बोनलेस घेऊ नका. छातीचा बोनलेस तुकडा चार तासांत चोथ्यासारखा होतो आणि हाडाशिवाय पाण्याला चव येत नाही. मध्यम कांदे 2, बारीक चिरून. आलं-लसूण वाटण 2 मोठे चमचे. मीठ 2 सपाट छोटे चमचे. तेल 1 मोठा चमचा. उकळतं पाणी सव्वा लिटर.

हळद मुद्दामच लिहिलेली नाही. पांढरा रस्सा करायचा असेल तर भांड्यात हळद घालू नका, नाहीतर तो पिवळा होतो. ती नंतर तांबड्यात घाला. पांढरा करायचाच नसेल तर अर्धा छोटा चमचा हळद चिकनला आधीच चोळा.

मीठही आता बेतानेच, कारण कांदा-लसूण चटणीत मीठ असतंच. चिकन स्वतःचंही पाणी सोडतं, म्हणून सव्वा लिटरच्या पुढे जाऊ नका. भांडं अर्ध्याहून कमी किंवा पाऊण भागाहून जास्त भरलेलं नसावं. अर्धा किलोच चिकन असेल तर वेळ कमी लागतो, तीन तासांनंतर बघायला लागा.

शिजवण्याची पद्धत

कढईत तेल तापवून कांदा परता. तो मऊ आणि पारदर्शक झाला की पुरे, लाल करू नका. आलं-लसूण घालून कच्चा वास जाईपर्यंत मिनिटभर परता. हा वास इथेच घालवावा लागतो, कारण झाकणाखाली तो कोंडून राहतो आणि चार तासांनंतरही तसाच येतो. मग चिकन आणि मीठ घालून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं, तुकडे सगळीकडून पांढरे होईपर्यंत परता.

तोवर चिनीमातीचं भांडं कोमट पाण्याने विसळून ठेवा. फ्रिजमधून काढलेल्या गार भांड्यात उकळतं पाणी ओतलं की तडा जातो. कढईतलं सगळं भांड्यात काढा, त्याच कढईत पाणी उकळून खरवड सोडवून घ्या आणि ते पाणी वरून ओता. झाकण लावा आणि बटण लोवर ठेवा.

परतण्याचा हा पाव तास वाचवावासा वाटतो, पण वाचवू नका. गार चिकन आणि गार पाणी ठेवलं तर आतलं तापमान 60 अंशांवर जायला फार वेळ लागतो, आणि त्याच्या खाली जंतू भराभर वाढतात. गरम सुरुवात केली की हा काळ जवळपास उरतच नाही. गोठलेलं चिकन तर थेट कधीच टाकू नका, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्या. सकाळी कच्चं चिकन भरून टायमरने दुपारी चालू करणंही नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तोवर बिघडायला लागलेलं असतं.

वेळ: ब्रॉयलर लोवर 4 तास, हायवर सव्वादोन तास. रात्री आठला ताट हवं असेल तर सव्वातीनला कांदा परतायला घ्या, साडेतीनला कुकर लावा, साडेसातला रस्से करायला घ्या.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ शिजल्यावरही लालसर छटा राहते, ती हाडातून झिरपलेली असते. तंगडीचं हाड धरून जरा पिळा, ते मांसात सहज फिरलं पाहिजे. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड तुकड्याच्या मध्ये 74 अंश आलं पाहिजे. सहा तासांच्या पुढे ब्रॉयलर ठेवला तर मांस हाडं सोडतं आणि रश्श्यात हाडांच्या बारीक कपच्या येतात. पोरांच्या ताटात त्या नकोत.

मधे झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. हे मंद यंत्र आहे, ढवळायची गरजच नसते.

अळणीचे वाटे

तुकडे झाऱ्याने परातीत काढा. वर फेस किंवा राखाडी मळी असेल तर काढून टाका. साधारण 1400 मिली अळणी मिळतं. त्यातलं पाव लिटर पोरांसाठी बाजूला काढा आणि कोथिंबीर, लिंबू आणि चमचाभर तूप घालून भातावर वाढा. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर हा भात नुसताच संपतो. उरलेल्यातलं 700 मिली तांबड्याला, 450 मिली पांढऱ्याला.

*तांबडा.* याचं वाटण दुपारीच करून ठेवा. 2 कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तपकिरी करा. किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ 2 छोटे चमचे, खसखस 1 छोटा चमचा वेगवेगळं भाजा, कारण खसखस तिळाच्याही आधी करपते. 6 लसूण पाकळ्या आणि मूठभर कोथिंबीर घालून अगदी बारीक वाटा. जाडसर राहिलं तर ते तळाशी बसतं आणि वर पाणी दिसतं.

4 मोठे चमचे तेल तापवून वाटण मध्यम आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परता, सात-आठ मिनिटं लागतात. आता आच अगदी बारीक करा, पाव चमचा हळद आणि 2 मोठे चमचे कांदा-लसूण चटणी घाला, आणि लगेच पळीभर अळणी शिंपडा. रंग आणि कट दोन्ही या अर्ध्या मिनिटावर आहेत. तापलेल्या तेलात कोरडी चटणी पडून राहिली की करपते, आणि मग कितीही चांगली चटणी असली तरी रस्सा काळपट आणि कडू. नंतर उरलेलं गरम अळणी ओतून आठ-दहा मिनिटं उकळा. अळणी गरमच हवं, गार ओतलं तर कट नीट वर येत नाही. मीठ शेवटी चाखून घाला.

*सुक्कं.* तांबड्याचं परतलेलं वाटण चटणी घालण्याआधी चार चमचे बाजूला काढा. दुसऱ्या कढईत ते, चमचाभर चटणी, सहा-आठ तुकडे आणि दोन पळ्या अळणी घालून कोरडं होईपर्यंत परता. तुकडे आधीच मऊ असतात, म्हणून उलथन्याने खरडू नका, कढई धरून हलवा.

*पांढरा.* खसखस 1 मोठा चमचा आणि 8-10 काजू अर्धा तास भिजवून 1 चमचा पांढऱ्या तिळांबरोबर गुळगुळीत वाटा. तीळ भाजू नका, रंग जातो. अर्ध्या ओल्या नारळाचं कोमट पाण्यात वाटून गाळलेलं घट्ट दूध वाटीभर. 1 मोठा चमचा तुपात बोटभर दालचिनी, 3 लवंगा, 2 वेलदोडे, 6 मिरे आणि 2 चिरलेल्या हिरव्या मिरच्या परता, अळणी ओता, वाटण घालून पाच मिनिटं मंद उकळा. नारळाचं दूध सर्वांत शेवटी घालायचं आणि नुसतं गरम होऊ द्यायचं. खळखळून उकळलं की ते फाटतं आणि रश्श्यात पांढरे कण दिसतात. दूध स्लो कुकरमध्येच घालून बघू नका, चार तासांत ते फाटणारच.

भाकरी कुठली ते तुमचं तुम्ही ठरवा. आमचा कौल जोंधळ्याला.

गावरान असेल तर

खरं सांगायचं तर ब्रॉयलर गॅसवरही अर्ध्या तासात होतो. तिथे स्लो कुकरचा फायदा इतकाच, की पुढे उभं राहावं लागत नाही. या यंत्राचं खरं काम गावरान कोंबडीवर दिसतं. घाईने थोड्याच शिट्ट्या काढून गावरान शिजवली तर आतला दोर, म्हणजे मांसातले चिवट तंतू, तसाच राहतो. लोवर 7 ते 8 तासांत तो दोर हळूहळू विरघळतो आणि पाण्याला दाटपणा येतो. हायवर साडेचार-पाच तास. पाणी दीड लिटर घ्या, बाकी कृती तीच. कोंबडी किती जुनी यावर तासभर इकडेतिकडे होईल. मटण हाडासकट असेल तर तेही लोवर 7-8 तास, याच पद्धतीने.

बटाटा घालायची सवय असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: या भांड्यात बटाटा चिकनपेक्षा उशिरा शिजतो. इंचभर फोडी करून तळाशी, कडेला लावा. आणि राजमा कधीही थेट यात शिजवू नका. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर जात नाही, आधी गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो.

वीज

यंत्राच्या तळाच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. 200 वॅटचं यंत्र पाच तास सलग चाललं तरी 1 युनिट होतं. पण व्होल्टेज बघा. 230 ऐवजी 190 आलं तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. शेतपंप चालू झाल्यावर दिवे मंद होत असतील अशा गावात आमच्या वेळांत तास-दीड तास वाढवा किंवा सरळ हायवर लावा. 'चार तासांनी कच्चं निघालं' म्हणणाऱ्यांत बऱ्याचदा हेच कारण निघतं. दुसरं कारण काठोकाठ भरलेलं भांडं.

लाईट गेली आणि तुम्ही घरात असाल तर झाकण बंद ठेवा. अर्ध्या तासात आली नाही तर सगळं पातेल्यात ओतून गॅसवर शिजवून घ्या. गोल बटणाचं यंत्र लाईट आल्यावर आपोआप चालू होतं. बरीच डिजिटल यंत्रं मात्र तशीच बंद राहतात, त्यांचं बटण पुन्हा दाबावं लागतं. तुम्ही बाहेर होता, परत आल्यावर घड्याळ लुकलुकतंय आणि लाईट किती वेळ नव्हती ते कळत नाही, असं असेल तर ते चिकन टाकून द्या. वास चांगला येतो म्हणून खाऊ नका.

वॉर्म म्हणजे शिजवणं नव्हे. शिजलेलं चिकन त्यावर दोन तासांपर्यंत ठेवा, त्यापुढे मांस भरभरीत होतं. उरलेलं जाड भांड्यासकट फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी तांबडा गॅसवर उकळून घ्या. पांढरा उकळला की फाटेल आणि न उकळता ठेवणं बरं नाही, म्हणून तो त्याच रात्री संपेल एवढाच करा.

भांड्याची निगा

गरम भांड्यात गार पाणी ओतू नका, आणि भांडं गॅसवर तर कधीच ठेवू नका. बाहेरचं यंत्र पाण्यात बुडवायचं नाही, प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा. कडेला चिकटलेलं कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवलं की निघतं, तारेची घासणी नको. केसासारखा बारीक तडा दिसला तरी ते भांडं वापरणं थांबवा, कारण तापल्यावर तो वाढतो आणि रस्सा कॉईलवर उतरतो. भांडं आणि काचेचं झाकण सुटं मिळतं. घ्यायला येताना तळाच्या पट्टीचा फोटो आणि भांडं गोल आहे की लंबगोल ते लिहून आणा. सारख्याच लिटरची दोन्ही भांडी एकमेकांच्या यंत्रात बसत नाहीत.