हाकेला ओ देणारी उपकरणं

आपल्या वायफायवर या क्षणी नेमकी किती उपकरणं आहेत, असं कुणी विचारलं तर बहुतेकांचा आकडा कमी पडतो. फोन, लॅपटॉप, टीव्ही आठवतात. प्रिंटर, स्मार्ट बल्ब, कपाटात चार्जिंगला लावलेला जुना टॅब्लेट राहून जातो. कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत, मात्र ही हजेरी काही सेकंदांत घेता येते.

सुरुवातीला पिंग सुचतो. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम समोरच्या यंत्राला 'आहेस का?' एवढंच विचारतो. पण उत्तर द्यायचं की नाही, हे त्या यंत्राच्या मर्जीवर असतं. फायरवॉलने, म्हणजे त्याच्या सुरक्षेच्या पहारेकऱ्याने, मनाई केली, तर यंत्र चालू असूनही गप्प बसतं.

हे मौन मोडतं ते पिंगहूनही जुन्या एआरपीमुळे, म्हणजे स्थानिक नेटवर्कवर पत्ता शोधण्याच्या नियमांमुळे. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या दस्तऐवजात ते मांडले. आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) कळला तरी तेवढ्याने स्थानिक नेटवर्कवर माहिती पोहोचत नाही. त्यासाठी समोरच्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता लागतो. म्हणून पाठवणारा साऱ्या नेटवर्कला हाक घालतो: '१९२.१६८.१.२० कुणाचा?' ज्याचा असेल तो आपला मॅक कळवतो. इथे मौन परवडत नाही, कारण ओ दिली नाही तर राउटरलाही त्याच्यापर्यंत काही पोहोचवता येणार नाही. या साध्या गरजेतली ताकद मला फार मोलाची वाटते.

घरगुती नेटवर्कमध्ये साधारणपणे २५४ पत्ते असतात. एआरपी-स्कॅन हा प्रोग्रॅम त्या प्रत्येकाच्या नावाने हाक घालतो. १९९७ पासून वापरात असलेला एनमॅप हा नेटवर्क तपासणारा प्रोग्रॅमही स्थानिक नेटवर्कवर, सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवला तर, हीच वाट धरतो. यातलं काही इन्स्टॉल केलेलं नसेल तरी अडत नाही: हव्या त्या पत्त्याला पिंग करा, उत्तर येवो न येवो, आणि मग आपल्याच संगणकाची एआरपी नोंदवही (हाकेला मिळालेल्या उत्तरांची यादी) उघडा. पिंगला नकार देणाऱ्याचा मॅक तिथे उमटलेला असतो. झोपेत गेलेले फोन मात्र एखादी हाक चुकवतात, म्हणून फेरी दोन-तीनदा करावी. आणि हे सगळं फक्त स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवर.

मॅक ४८ बिटांचा असतो. त्यातले पहिले २४ बहुधा आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने उत्पादकाला नेमून दिलेले असतात, त्यामुळे यादीत कंपनीचं नावही दिसतं. अलीकडचे फोन मात्र खाजगीपणासाठी प्रत्येक वायफायवर बनावट मॅक वापरतात. तो ओळखण्याची खूण सोपी आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. अनोळखी नोंद पाहून घाबरण्याआधी हे अक्षर बघावं. बऱ्याचदा तो आपलाच फोन निघतो.

एका फेरीत हजेरी कळते. पाळत ठेवायची तर आजची यादी कालच्या यादीशी ताडून पाहावी लागते. आर्पवॉच हा प्रोग्रॅम ते काम न थकता करतो. आयपी आणि मॅक यांच्या जोड्या तो लिहून ठेवतो आणि नवी किंवा बदललेली जोडी दिसली की कळवतो. त्याची गरज खरी आहे, कारण एआरपीमध्ये उत्तर देणाऱ्याची शहानिशा करण्याची सोयच नाही. कुठलंही यंत्र 'राउटर मीच' असं खोटं सांगू शकतं आणि सगळ्यांची रहदारी स्वतःकडे वळवू शकतं. राउटर बदललेला नसताना त्याच्या पत्त्यासमोर वेगळा मॅक दिसला, तर तोच मॅक यादीत आणखी कोणत्या पत्त्यासमोर आहे ते आधी शोधावं: खोटं सांगणारं यंत्र बहुधा तेच.