विमानप्रवासात बॅग हरवली, उशिरा आली किंवा फुटली तर भरपाईचा दावा कसा करायचा

बेल्ट थांबला तरी बॅग आली नाही, किंवा आली ती चाक तुटून, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी त्याच हॉलमधल्या विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद करून घ्या. ‘घरी जाऊन फोन करू’ म्हणणाऱ्यांचे दावे इथेच लंगडे पडतात. तक्रार न करता बॅग ताब्यात घेतली की ती धड मिळाली असे कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे मग तुम्हाला सिद्ध करावे लागते. विमाने बदलत आला असाल तर नोंद शेवटच्या विमानाच्या कंपनीकडे करायची.

काउंटरवर बॅगेज टॅगची चिठ्ठी लागते. चेक-इनच्या वेळी ती बहुधा बोर्डिंग पासला चिकटवून देतात. तिच्यावरचा 10 आकडी क्रमांक पीआयआरवर आकडा न् आकडा जुळवून बघा. बॅगेचा रंग, कंपनी, प्रकार नोंदवतानाच आतल्या ओळखीच्या वस्तूही सांगा. ‘कपडे’ एवढेच लिहून उपयोग नाही. ‘सगळ्यात वर मोरपंखी पैठणी, खाली स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू’ असे लिहा, कारण टॅग फाटून निघाला असेल तर बॅग उघडून आतल्या वस्तूंवरूनच मालक शोधला जातो. नोंद झाली की एक क्रमांक मिळतो: विमानतळाची तीन अक्षरे, कंपनीचा दोन अक्षर-आकड्यांचा कोड आणि पुढे पाच आकडे. त्यावर बॅगेचा शोध ऑनलाइन बघता येतो. परदेशातून आला असाल तर बॅग नंतर कस्टम्समधून सोडवावी लागते; त्यासाठी काय सही, किल्ली वा संमती लागेल ते तिथेच विचारून घ्या.

पीआयआर म्हणजे भरपाईचा अर्ज नव्हे. अर्ज वेगळा आणि लेखी करायचा. ई-मेल चालतो, पण त्यात पीआयआर क्रमांक हवा. नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिराची तक्रार बॅग हाती आल्यापासून 21 दिवसांत. ज्या दिवशी यायला हवी होती तिथून 21 दिवस उलटले तरी बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरून पूर्ण दावा करता येतो. न्यायालयात जायची मुदत 2 वर्षे. या मुदती मॉन्ट्रियल करारातल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातली भरपाई ठरवणाऱ्या करारातल्या आहेत. देशांतर्गत प्रवासातही त्याच धरून चाला.

किती मिळते? देशांतर्गत प्रवासात प्रवाशामागे कमाल 20,000 रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी करारातली मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे, रुपयांत साधारण दीड ते दोन लाखांच्या दरम्यान. ही कमाल मर्यादा आहे, सरसकट रक्कम नाही. नुकसान दाखवाल तेवढेच हाती येते. सामान याहून मौल्यवान असेल तर चेक-इन करतानाच किंमत जाहीर करून जादा शुल्क भरता येते. तरी दागिने, रोकड, लॅपटॉप, औषधे आणि मूळ कागदपत्रे चेक-इनच्या बॅगेत ठेवूच नयेत. कंपन्या आपल्या अटींत या वस्तूंची जबाबदारी नाकारतात.

अर्जासोबत पीआयआर, तिकीट, बोर्डिंग पास, टॅगची चिठ्ठी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जोडा. परदेश प्रवास असेल तर पासपोर्टच्या प्रती, जादा वजनाचे पैसे भरले असतील तर ती पावतीही. वस्तूंची यादी खरेदीचे वर्ष आणि किंमत घालून करा. बिले नसतील तर बँकेच्या किंवा यूपीआयच्या नोंदी काढा. फुटलेल्या बॅगेचे फोटो हॉलमध्येच, टॅगसकट काढा. दुरुस्तीच्या दुकानातून लेखी अंदाज घ्या आणि दावा मिटेपर्यंत बॅग टाकून देऊ नका. बॅग येईपर्यंत कपडे, ब्रश, साबण घ्यावे लागले तर त्यांच्या पावत्या जपा. हा खर्च मागता येतो, मात्र तो गरजेपुरता हवा.

दावे फेटाळले जातात ते बहुतेक ठरलेल्या कारणांनी: मुदत उलटली, टॅग हरवला, किंवा ओरखडे आणि तुटका पट्टा ही नेहमीची झीज ठरली. बॅग मुळातच कच्ची किंवा कोंबून भरलेली होती असेही उत्तर येते. त्यासाठी निघताना बॅगेचा एक बंद आणि एक उघडा फोटो काढा. जुने टॅग सोलून टाका, कारण जुना बारकोड वाचला गेला तर बॅग भलतीकडे जाते.

कंपनीने उत्तर दिले नाही तर आधी तिच्या नोडल, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला लिहा, नंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. देशांतर्गत प्रवासाची तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, आणि तिकिटापोटी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.