दांपत्य समुपदेशन

दांपत्य समुपदेशन : विवाहित अथवा एकत्र राहणाऱ्या जोडीदारांमधील तणाव कमी करण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकाने दोघांना शक्यतो समोरासमोर बसवून दिलेली मानसशास्त्रीय मदत. उपचाराचा रोख कोणा एकाच्या दोषावर नसतो, दोघांमधील देवाणघेवाणीवर असतो. विवाहपूर्व मार्गदर्शन आणि घटस्फोटाच्या दाव्यांतील मध्यस्थी या जवळच्या, पण स्वतंत्र बाबी होत.

उगम : या व्यवसायाचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. इंग्रजी संदर्भग्रंथ बहुधा अमेरिकेपासून सुरुवात करतात. पॉल पॉपिनो यांनी १९३० मध्ये लॉस अँजेलिस येथे कुटुंबसंबंधविषयक संस्था काढली. अब्राहम व हॅना स्टोन या डॉक्टर दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये केंद्र चालविले. त्याचे साल कोठे १९२९, तर कोठे १९३० असे आढळते. एमिली मड यांच्या फिलाडेल्फियातील केंद्राबाबतही १९३२ व १९३३ अशी दोन्ही साले दिली जातात. मात्र याआधीच बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या १९१९ मध्ये स्थापन झालेल्या लैंगिकविज्ञान संस्थेत विवाहविषयक सल्ला मिळत असे, व्हिएन्ना नगरपालिकेने १९२२ मध्ये सल्लाकेंद्र उघडले होते आणि १९२६ मध्ये जर्मनीतील प्रशिया राज्याच्या लोककल्याण मंत्रालयाने अशा केंद्रांची शिफारस केली होती. त्यामुळे मध्य युरोपला अग्रक्रम देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पॉपिनो यांनीही कल्पना तेथूनच उचलली, असे सामान्यतः मानले जाते.

या अग्रक्रमाला एक अडचणीची बाजू आहे. मध्य युरोपातील बऱ्याच केंद्रांचा मुख्य हेतू वधूवरांचे आरोग्य व आनुवंशिकता तपासणे हा होता. भांडणे मिटविणे हे काम दुय्यम. पॉपिनो हे स्वतः सुप्रजननवादाचे (निवडक प्रजननाने वंश ‘सुधारण्याच्या’ विचाराचे) खंदे पुरस्कर्ते होते आणि त्यांची आधीची ख्याती खजुराच्या लागवडीचे जाणकार म्हणून होती. जोडप्याच्या सुखापेक्षा वंशाच्या ‘गुणवत्ते’ची काळजी या व्यवसायाच्या पायात होती, ही गोष्ट त्याच्या इतिहासात बराच काळ दबक्या आवाजातच सांगितली गेली. ब्रिटनमध्ये वाट निराळी होती. तेथे १९३८ मध्ये विवाह मार्गदर्शन परिषद स्थापन झाली व स्वयंसेवकांच्या बळावर वाढली. या संस्थेने १९८८ मध्ये ‘रिलेट’ हे नाव घेतले.

सिद्धांत : अ‍ॅलन गर्मन व पीटर फ्रँकेल यांनी २००२ मध्ये या शाखेच्या इतिहासाचे चार कालखंड पाडले. पहिल्या, साधारण १९६३ पर्यंतच्या कालखंडाला ते सिद्धांतविरहित म्हणतात. पुढे मनोविश्लेषण, कुटुंबोपचार व वर्तनोपचार यांचे संस्कार झाले. सध्या दोन प्रणालींना विशेष मान्यता आहे. स्यू जॉन्सन व लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडलेली भावनाकेंद्री प्रणाली ही त्यांपैकी एक. तिची बैठक पुढे जॉन बोल्बी यांच्या अटॅचमेंट (जवळच्या व्यक्तीशी जडणाऱ्या भावनिक बंधाच्या) सिद्धांतावर पक्की झाली. दुसरी अँड्र्यू क्रिस्टेन्सन व नील जेकबसन यांची समन्वयी वर्तनप्रणाली. तीत जोडीदार बदलण्याइतकेच त्याला आहे तसा स्वीकारण्यालाही महत्त्व आहे.

प्रत्यक्ष बैठकीत सर्वाधिक वेळ जातो तो एका ओळखीच्या चक्रावर : एक जण तक्रार करतो, दुसरा गप्प होतो किंवा उठून जातो, त्या मौनाने तक्रार वाढते, वाढत्या तक्रारीने मौन. ‘तू कधीच ऐकत नाहीस’ हे वाक्य आले की समुपदेशक संभाषण तेथेच थांबवितो आणि बोलणाऱ्याला तीच गोष्ट एका ठरावीक प्रसंगापुरती सांगायला लावतो : ‘काल मी आईच्या तपासणीबद्दल बोलत होते, तेव्हा तू फोन पाहत होतास, मला एकटं वाटलं.’ ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचे नसते. जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, ‘बरोबर समजलो का?’ असे विचारायचे. घरी हे करणे जवळजवळ अशक्य असते, कारण तेथे थांबविणारे कोणी नसते.

लाभ व त्यांचे मोजमाप : विल्यम शॅडिश व स्कॉट बाल्डविन यांच्या २००३ च्या आढाव्यात उपचारांचा सरासरी परिणाम ०·८४ इतका आढळला, म्हणजे उपचार घेणारी सरासरी व्यक्ती न घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. प्रतीक्षायादीवरील जोडप्यांत आपोआप सुधारणा फारशी दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. टिकाऊपणाचा प्रश्न मात्र अवघड आहे. क्रिस्टेन्सन व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ तणावात असलेल्या १३४ जोडप्यांवर पारंपरिक व समन्वयी अशा दोन वर्तनप्रणालींची तुलना केली. उपचार संपताना दोन्ही गट मिळून साधारण दोन-तृतीयांश जोडप्यांत लक्षणीय सुधारणा होती. पाच वर्षांनंतर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले आणि एक-चतुर्थांशाहून थोडी अधिक जोडपी विभक्त झाली होती. नेहमीच्या सेवाकेंद्रांतील परिणाम अशा प्रयोगांपेक्षा सामान्यतः कमी भरतात.

विवाह टिकला की नाही, एवढ्यावरच यश मोजण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, आणि ते योग्यच झाले. विल्यम डोहर्टी यांनी, एकाला वेगळे व्हायचे आहे व दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांसाठी, एक ते पाच बैठकांची पद्धत तयार केली; तिचा हेतू नाते दुरुस्त करणे हा नसून पुढचा मार्ग ठरविणे हा आहे. नात्याबाहेरचा लाभही नोंदला गेला आहे. नात्यातील तणावाशी जोडलेल्या नैराश्यात, तसेच मद्यासक्तीत, जोडीदाराला उपचारात सहभागी करून घेणारा वर्तनोपचार उपयुक्त ठरतो. नैराश्याबाबत ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्योपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याचा समावेश आहे.

जोडपी मदतीसाठी सरासरी सहा वर्षे थांबतात, हे विधान लोकप्रिय पुस्तकांत वारंवार येते. डोहर्टी व सहकाऱ्यांच्या २०२१ च्या टिपणात हा काळ सुमारे २·७ वर्षे आढळला. जुन्या आकड्यामागचा आधार विरळ असल्याने नवा आकडा अधिक विश्वसनीय मानावा. उशीर झाल्यास लाभ घटतो, हे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

मर्यादा : एक जोडीदार दुसऱ्यावर धाक व नियंत्रण ठेवत असेल, तेथे एकत्र बैठक टाळावी यावर बहुतेकांचे एकमत आहे. बैठकीत उघडपणे बोललेल्याची शिक्षा घरी मिळू शकते. म्हणून प्रारंभीच दोघांशी स्वतंत्रपणे बोलून हिंसेची चौकशी केली जाते. मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये दहशतीची हिंसा व भांडणाच्या भरातील हिंसा यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारात, तीव्रता कमी असल्यास व दोघांची तयारी असल्यास, काही तज्ञ एकत्र उपचार मान्य करतात. गुप्त विवाहबाह्य संबंध एकालाच ठाऊक असल्यास समुपदेशकाने काय करावे, याबाबत पद्धती भिन्न आहेत. गोपनीयतेची अट पहिल्याच बैठकीत ठरवून घेणे हा सर्वांत प्रचलित उपाय.

संशोधनातील बरीचशी जोडपी पाश्चात्त्य, विवाहित व स्त्रीपुरुष अशी आहेत. समलिंगी जोडप्यांविषयीचे अभ्यास तुलनेने थोडे आहेत. दूरदृश्य माध्यमातून होणाऱ्या बैठका २०२० नंतर झपाट्याने वाढल्या.