गिळणं दिसलं, ओळखणं राहून गेलं

जखमेतला पू म्हणजे बहुतांशी जिवाणूंशी झुंजताना मेलेल्या पांढऱ्या पेशी. एकोणिसाव्या शतकात मात्र अनेक डॉक्टरांना याच पेशींचा संशय होता: जंतू अंगभर पसरतात ते यांच्यामुळेच! हा समज उलटवला एका प्राणिशास्त्रज्ञाने.

१८८२ मध्ये इल्या मेचनिकॉफ सिसिलीतल्या मेसिना इथे मुक्कामाला होते. घरची मंडळी सर्कशीला गेलेली. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या अंगात खुपसले. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती भटक्या पेशींचा गराडा. या पेशी जंतू गिळतात, हा त्यांचा सिद्धांत तिथून उभा राहिला.

१९०८ चं नोबेल त्यांना पाउल एर्लिक यांच्यासोबत विभागून मिळालं. एर्लिक प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंना चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या बाजूचे, आणि पुढची कित्येक दशकं अभ्यासकांची नजरही तिकडेच खिळली. भक्षक पेशी म्हणजे सफाई कामगार, एवढीच त्यांची पत. पण समोर जिवाणूच आहे हे पेशीला कळतं कसं? हे फारसं कुणी विचारलं नाही.

विचारलं ते प्रतिकारशक्तीचे अभ्यासक चार्ल्स जेनवे यांनी, १९८९ मध्ये. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीराची प्रतिकारशक्ती बहुधा ढिम्म हलत नाही. सोबत मेलेल्या जिवाणूंचे अंश वगैरे काहीतरी मिसळावं लागतं. हे तर आपल्या शास्त्राचं ओंगळ गुपित, असं ते म्हणाले. त्यांचा तर्क असा: जिवाणूंना सहजी बदलता येत नाहीत असे त्यांच्या आवरणाचे घटक ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे खूण टिपणारी प्रथिनं, आपल्या पेशींवर जन्मतःच असणार.

१९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या स्ट्रासबुर्गमधल्या प्रयोगशाळेत ‘टोल’ जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीने मेल्या. टोलची ओळख तोवर भ्रूणाची पाठ-पोट ठरवणारं जनुक अशी होती. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांना उंदरांमध्ये धागा सापडला. साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिन या विषारी घटकाचा या उंदरांच्या एका वाणावर परिणामच होत नसे. भाग्यवान म्हणावेत, तर जिवंत साल्मोनेला शिरला की हेच पटकन मरत! दोष निघाला टीएलआर-४ या टोलसारख्याच रिसेप्टरच्या जनुकातल्या एका अक्षरात. धोक्याची घंटाच बंद, मग रक्तवाहिन्या सैल होऊन पांढऱ्या पेशींची कुमक पोहोचणार कशी? उलट घंटा बेफाम वाजत राहिली की सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब जीवघेणा कोसळणं.

२०११ चं नोबेल ब्यूटलर, हॉफमन आणि प्रतिकारशक्तीतल्या डेंड्रायटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना मिळालं. जेनवे २००३ मध्येच वारले होते.