मांजर खोकलीच्या मुळापाशी का लोळतं?

पावसाळा अर्ध्यावर आला की ठाण्यातल्या सोसायट्यांत, कुंपणाच्या कडेला आणि कुंड्यांमध्ये, कुणी न लावता खोकली उगवते. दातेरी कडांची पानं, लांब देठ, आणि उभ्या तुऱ्यावर हिरव्या वाटीसारखी छदं, म्हणजे फुलांखालची छोटी पानं. एरंडाच्या कुळातलं हे साधं तण.

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत माळीकाका खुरपं घेऊन बसले की पार्किंगमधला बोका हजर होतो. मातीत उभ्या असलेल्या खोकलीला तो हुंगतही नाही. उपटलेलं रोप मात्र पुढच्या पंजांत घट्ट धरतो, मुळाला गाल घासतो, लाळ गाळतो, मग उताणा होऊन मागच्या पायांनी त्याला लाथा झाडतो. पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. बोका अंग झटकून उठतो आणि त्याच रोपाकडे ढुंकूनही बघत नाही.

ही जादू मुळात आहे. खोकलीच्या मुळात आयसोडायहायड्रोनेपेटालॅक्टोन नावाचं उडून जाणारं रसायन असतं. परदेशात मांजरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅटनिप या वनस्पतीतल्या नेपेटालॅक्टोनचं ते सख्खं भावंड. म्हणजे दुकानातून कॅटनिपची पुडी मागवणाऱ्यांच्या कुंडीत आपलं देशी रोप आधीच उभं असतं, आणि बहुतेक वेळा ते कचऱ्यात जातं. मला याची खरोखर हळहळ वाटते.

मांजरांना यातून मिळतं काय, याचं सुंदर उत्तर 2021 मध्ये जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने दिलं. त्यांनी अभ्यासलेली वनस्पती होती मातातबी, किवीच्या कुळातली वेल. तिच्यातल्या नेपेटालॅक्टोलचा, म्हणजे नेपेटालॅक्टोनच्याच घराण्यातल्या रसायनाचा, वास घेतल्यावर मांजरांच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलं. हे शरीराने स्वतःच बनवलेलं, अफूसारखं सुख देणारं रसायन. अफूजन्य औषधांचा असर रोखणारं नॅलोक्सोन आधी दिलं, तर मांजरांचं घासणं-लोळणं कमी झालं.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या प्रयोगाची. मांजरांची फक्त डोकी डासांच्या पिंजऱ्यात येतील अशी व्यवस्था केली. ज्या मांजराने डोकं या रसायनाला घासलं होतं, त्याच्यावर बसणारे डास जवळजवळ निम्म्याने कमी झाले. डास कोणते, तर एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे आपल्याकडेही आढळणारे पट्टेरी पायांचे डास. गवतात दबा धरून निश्चल बसणाऱ्या शिकाऱ्याला डासांपासून असं संरक्षण मिळणं ही मोठीच सोय. पुढे याच गटाला दिसलं की पानं चावून, चुरगळून टाकली की ही रसायनं कितीतरी जास्त बाहेर पडतात. तेव्हा लाथा झाडण्यातही अर्थ आहे!

प्राणिसंग्रहालयातला बिबट्या, जग्वार आणि लिंक्स यांनीही या वासावर डोकं घासलं. कुत्र्यांना आणि उंदरांना काही वाटलं नाही. येऊरच्या जंगलात फिरणारा बिबट्या याच बिबट्याच्या जातीचा. आणि हो, तुमच्या मांजराने दुर्लक्ष केलं तर काळजी नको. कॅटनिपचा परिणाम साधारण दोन तृतीयांश मांजरांवरच होतो, तो आनुवंशिक आहे, आणि काही महिन्यांच्या पिल्लांवर तर होतच नाही.

बागेत मांजर आलं की खार झाडावरून शेपटी झटकत चिक् चिक् सुरू करते, बुलबुल गोळा होऊन कालवा करतात. मग मांजर दुसरीकडेच बघत पंजा चाटू लागतं. त्याची शिकार दबा धरण्यावर चालते. आपण दिसलो हे गावभर झालं की डाव संपला.

मांजर गवत खातं ते ओकण्यासाठी, असं घरोघरी सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांना विचारलं, तेव्हा गवत खाऊन वरचेवर ओकणारी मांजरं साधारण पाव हिस्साच निघाली, आणि बहुतेक आधी आजारीही दिसत नव्हती. रानटी पूर्वजांना आतड्यातले जंत बाहेर टाकायला गवत उपयोगी पडत असावं, ती सवय टिकली, असा त्यांचा अंदाज आहे.

गवत चघळू द्यावं. लिली मात्र मांजराच्या घरात कुंडीतही नको आणि फुलदाणीतही नको. खऱ्या लिलीचं पान, परागकण, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांकडे न्यावं.