पहिलं सिझर, दुसरी नॉर्मल: धोका नेमका कुठे आहे?

‘एकदा सिझर, म्हणजे पुढेही सिझरच’ हे डॉ. एडविन क्रेगिन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९१६ साली लिहिलं. तेव्हा गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेत. कळांमध्ये जोर लावतो तो हाच भाग, त्यामुळे तिथल्या जुन्या टाक्यांवर प्रत्येक कळेचा ताण येतो. पुढे ग्लासगोच्या डॉ. मनरो कर यांनी खालच्या, पातळ भागावरचा आडवा छेद रूढ केला. आज बहुतेक सिझर तशीच होतात, तरी ते जुनं वाक्य अजून ऐकू येतंच.

आडव्या छेदाचं एकच सिझर झालेल्या २०० बायकांना कळा येऊ दिल्या, तर साधारण एकीची गर्भपिशवी (गर्भाशय) जुन्या टाक्यांवर फाटते. ठरवून पुन्हा सिझर केलं तर हे प्रमाण १०,००० मागे दोन-तीन. म्हणजे धोका वीसपट, असं म्हटलं की छातीत धस्स होतं. २०० पैकी १९९ जणींचे टाके टिकतात हेही तितकंच खरं आहे, आणि दोन्ही वाक्यं एकत्र सांगितली नाहीत तर त्या बाईवर अन्याय होतो.

पिशवी फाटली तर मात्र वेळ मिनिटांत मोजावा लागतो. बाळाचा प्राणवायू तुटू शकतो, आईला मोठा रक्तस्राव होतो, क्वचित गर्भाशय काढावं लागतं. अमेरिकेतल्या १९ केंद्रांचा २००४ मधला अभ्यास पाहा. सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केलेल्या सुमारे १८,००० बायकांपैकी १२४ जणींची पिशवी फाटली. त्यांतल्या सात बाळांच्या मेंदूला प्राणवायूअभावी इजा झाली, त्यातली दोन दगावली. संख्या लहान आहे, पण ती बाळं होती. म्हणूनच तयारीत हयगय चालत नाही.

‘टाके दुखले की कळेलच’ यावर विसंबू नये. बहुतेक वेळा पहिली खूण बाळाच्या हृदयाच्या आलेखात दिसते: ठोके खाली येतात आणि कळ ओसरली तरी वर येत नाहीत. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर हा आलेख सतत चालू ठेवतात. औषधाने कळा आणल्या तर फाटण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. मिसोप्रोस्टॉल हे कळा आणणारं औषध तर अशा वेळी टाळतातच.

प्रयत्न केलेल्या चौघींपैकी जवळपास तिघींची नॉर्मल डिलिव्हरी होते. आधी एकदा नॉर्मल झाली असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांवर जातं. उरलेल्यांना कळा सोसून ऐनवेळी सिझर करावं लागतं, आणि संसर्ग-रक्तस्रावाच्या दृष्टीने तो मार्ग ठरवून केलेल्या सिझरपेक्षा वाईट. यशाची शक्यता आधीच नीट जोखायची ती यासाठी.

पुन्हा सिझर हाही बिनधोक रस्ता नाही. त्याची किंमत बऱ्याचदा पुढच्या गरोदरपणात मोजावी लागते. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, तर ती जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता दुसऱ्या सिझरच्या वेळी सुमारे ११ टक्के असते, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. रुतलेली वार सुटत नाही, रक्त थांबत नाही. म्हणून आणखी मुलं हवी आहेत का, हा प्रश्न मला इथे फार महत्त्वाचा वाटतो.

निर्णयाआधी जुन्या ऑपरेशनचा कागद शोधा. पोटावरचा आडवा व्रण पाहून आतला छेद ओळखता येत नाही. कातडीवर आडवा आणि गर्भाशयावर उभा, असंही होतं, आणि आत उभा छेद असेल तर नॉर्मलचा प्रयत्न सहसा करत नाहीत. सिझर का करावं लागलं, दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर आहे का, हेही डॉक्टरांना सांगा. आणि दवाखान्यात थेट विचारा: रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर किती मिनिटांत तयार होईल?