लॅबमध्ये १४८, घरी १६३

‘सकाळी लॅबमध्ये साखर १४८ आली, अर्ध्या तासाने घरी मशीनवर १६३. मशीन बिघडलंय का?’ नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच. खालची उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो, स्वस्तातलं घेतलंत ना! दुसऱ्याचं मशीन मुलाने परदेशातून पाठवलेलं असतं, त्यामुळे ते ‘एकदम अॅक्युरेट’. तिसरा कारल्याच्या रसावर येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींहून जास्त आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून जास्त. एवढ्या घरांतला प्रश्न आहे, तर त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. घरच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३च्या आवृत्तीप्रमाणे साखर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातली किमान ९५ मापनं लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे पडली पाहिजेत. १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. १४८ चे १५ टक्के म्हणजे २२. म्हणजे मशीनने १२६ ते १७० मधलं काहीही दाखवलं तरी ते पास. काल फास्टिंग ११२ होती, आज १२१ झाली, म्हणून रात्रीची अर्धी पोळी कमी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्या दोन आकड्यांत फरक आहे असं हे यंत्र सांगूच शकत नाही.

आणि लॅब तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? नळीत काढलेलं रक्त जिवंत असतं. त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि रक्त तसंच ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं. ते थांबवायला राखाडी झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड घातलेलं असतं. पण फ्लोराइड अडवतं ते ग्लुकोज फोडण्याच्या दहा पायऱ्यांपैकी नवव्या पायरीला. वरच्या पायऱ्यांवरचं काम तुंबेपर्यंत चालूच राहतं, त्यामुळे पहिला तास-दीड तास गळती होतेच. शिवाय लॅब शिरेतलं रक्त घेते आणि आपण बोटाच्या केशवाहिन्यांतलं. उपाशीपोटी दोन्हींत फारसा फरक नसतो, पण जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा सहज २० मिलिग्रॅम वर असते, कारण शिरेकडे पोचेपर्यंत वाटेतल्या स्नायूंनी आपला वाटा काढून घेतलेला असतो.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येतो. मशीन फार हुशार नाही. एक बॅटरी, थोडी सर्किटं, एक पडदा. सगळी करामत त्या नखाएवढ्या स्ट्रिपमध्ये आहे, जी आपण वापरतो आणि कचऱ्यात टाकतो.

स्ट्रिपच्या टोकाशी एक बारीक नाली असते. रक्ताचा थेंब टेकवला की केशाकर्षणाने ती स्वतःच रक्त ओढून घेते, अर्धा मायक्रोलिटर किंवा त्याच्या आसपास. नालीच्या तळाशी कार्बन किंवा सोन्यासारख्या धातूचे पातळ इलेक्ट्रोड छापलेले असतात आणि त्यांच्यावर दोन गोष्टी सुकवून ठेवलेल्या असतात. पहिली म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. बऱ्याच स्ट्रिपमध्ये ते ग्लुकोज ऑक्सिडेज असतं, जे अॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून मिळवतात. कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी दिसते, ती याच बुरशीच्या गोतावळ्यातली.

हे एन्झाइम विलक्षण नखरेल आहे. रक्तात प्रथिनं, मेद, क्षार, शेकडो रेणू, पण हे धरतं फक्त ग्लुकोज. त्यातही ग्लुकोजची दोन वलयरूपं असतात, अल्फा आणि बीटा. याला चालतं ते बीटाच. टेबलावरची साखर म्हणजे सुक्रोज, त्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोजचा एक रेणू हाती आला की ते त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि ग्लुकोनोलॅक्टोन करून सोडून देतं. काढलेले इलेक्ट्रॉन तात्पुरते एफएडी नावाच्या सहघटकावर ठेवलेले असतात.

अडचण इथे आहे. एफएडी एन्झाइमच्या पार आतल्या घडीत दडलेलं असतं. इलेक्ट्रोडला तिथवर हात पोचत नाही. निसर्गात हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेऊन जातो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची जोडी प्रथम मांडली, तीही ऑक्सिजनच्याच भरवशावर. पण बोटाच्या थेंबात ऑक्सिजन किती असेल याचा नेम नाही. म्हणून इलेक्ट्रॉनची ने-आण करायला बाहेरून एक छोटा रेणू घालायचं ठरलं, मध्यस्थ. स्ट्रिपवर सुकवलेली दुसरी गोष्ट ती हीच. १९८४ साली क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्यासाठी फेरोसीनचा वापर दाखवला आणि १९८७ मध्ये त्यावर आधारलेलं पेनाच्या आकाराचं मीटर बाजारात आलं. त्याआधीची यंत्रं स्ट्रिपचा रंग प्रकाशाने वाचत. १९७०च्या सुमाराचं पहिलं मीटर किलोभर वजनाचं होतं आणि ते दवाखान्यांसाठी होतं. न्यूयॉर्कचे मधुमेही इंजिनिअर रिचर्ड बर्नस्टाइन यांनी ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर मागवलं, घरी दिवसातून अनेकदा साखर मोजायला लागले आणि पुढे स्वतःच डॉक्टर झाले.

आज अनेक स्ट्रिपमध्ये मध्यस्थ म्हणून पोटॅशियम फेरिसायनाइड असतं. नावात सायनाइड आहे म्हणून घाबरू नका, ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं. एन्झाइमकडून एक इलेक्ट्रॉन घेतला की फेरिसायनाइडचं फेरोसायनाइड होतं. मशीन इलेक्ट्रोडवर व्होल्टच्या एका अंशाएवढा दाब देतं, फेरोसायनाइड आपला इलेक्ट्रॉन तिथे सोडतं आणि प्रवाह वाहतो, काही मायक्रोअँपिअरचा. पडद्यावरचा १६३ म्हणजे मुळात हा प्रवाह.

पण प्रवाह स्थिर नसतो. एसटी फलाटाला लागली की दाराशी उभे असलेले आधी चढतात, मग लांबचे एकेक करून पोचतात. तसे इलेक्ट्रोडला चिकटून असलेले रेणू पहिल्या क्षणात संपतात आणि नंतरचे द्रावातून विसरणाने, म्हणजे दाटीकडून विरळीकडे पसरत, येत राहतात. त्यामुळे प्रवाह वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. वेळ चौपट झाला की प्रवाह निम्मा. याला कॉट्रेल समीकरण म्हणतात. प्रवाहाला वेळेच्या वर्गमुळाने गुणलं की जी स्थिर संख्या उरते, ती इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ, विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतात) आणि संहती (द्रावात ते किती आहेत) यांवर अवलंबून असते. पहिली गोष्ट कारखान्यात ठरते, दुसरी गृहीत धरतात, तिसरी आपल्याला हवी असते. पडद्यावर पाच, चार, तीन असे उलटे आकडे दिसतात तेव्हा आत हेच चाललेलं असतं. ज्यांचा समीकरण वाचून हात सुटला असेल त्यांनी एवढंच धरून ठेवावं की मशीन साखर मोजत नाही, पोचलेले इलेक्ट्रॉन मोजतं.

एवढं कळलं की पुस्तिकेतल्या सूचना आपोआप कळतात. हात धुण्याचंच घ्या. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज. आता नाशिकची द्राक्षं खाऊन कुणी तसंच बोट टोचलं. द्राक्षाच्या रसात मायक्रोलिटरमागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं. बोटावर त्या रसाच्या एका मायक्रोलिटरचा पन्नासावा भाग राहिला आणि वर दोन मायक्रोलिटर रक्ताचा थेंब आला, तर आकडा ७० ने चढला! जपानी संशोधकांनी फळं सोलायला लावून हे तपासलं आहे, २०११ मध्ये. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही आकडे फुगलेलेच आले, वाहत्या पाण्याने धुतल्यावर ठीक झाले. तेव्हा साबण-पाण्याने हात धुवा आणि कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. बोट पिळून पिळून रक्त काढू नये, पेशींच्या मधल्या फटींतला द्रव मिसळतो. टोचायचं बोटाच्या कडेला. तिथे दुखतंही कमी.

दुसरी गोष्ट बायकांनी विशेष लक्षात घ्यावी. तांबड्या पेशी विसरणाच्या वाटेतले अडथळे आहेत. पेशी कमी असल्या की रेणू झपाट्याने इलेक्ट्रोडशी पोचतात आणि मशीन साखर खरीपेक्षा जास्त दाखवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. बरीच नवी मीटर पेशींचं प्रमाण वेगळ्या विद्युत संकेताने मोजून आकडा दुरुस्त करतात, जुनी करत नाहीत. स्ट्रिपच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा छापलेली असते. हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल तर ती वाचून घ्या आणि डॉक्टरांना विचारा.

तिसरा शत्रू हवा. एन्झाइम हे प्रथिन आहे; चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली डबी शिजते. बहुतेक स्ट्रिप ३० अंशांखाली ठेवायच्या असतात. कोकणातला पावसाळा वेगळं नुकसान करतो: दमट हवेत मध्यस्थ स्ट्रिपवरच हळूहळू बदलतो आणि ग्लुकोज नसतानाही थोडा प्रवाह देऊ लागतो. म्हणून डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो. स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा, स्ट्रिप दुसऱ्या डबीत भरू नका. डबी फ्रिजमध्येही नको, बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. उघडल्याची तारीख पेनाने डबीवर लिहा. अनेक कंपन्या तिथून तीन किंवा सहा महिनेच मोजतात, छापलेली मुदत दोन वर्षांची असली तरी.

कारल्याबद्दल एक शब्द. कडू गोडाला मारतं हा जिभेचा हिशेब झाला, स्वादुपिंडाचा नव्हे. रस प्यायल्यावर १७१ ची १५२ झाली म्हणून फोटो टाकणाऱ्यांनी वरचे १५ टक्के आठवावेत. तोच न्याय ‘न टोचता साखर सांगणाऱ्या’ घड्याळांना. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्वतःच्या जोरावर साखर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. दंडावर लावायचे सेन्सर वेगळे. त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली जातो आणि त्यावर सहसा हेच ग्लुकोज ऑक्सिडेज असतं.

मशीनवर संशय आलाच तर तपासायची सोय कंपनीच करून देते आणि ती फारसं कुणी वापरत नाही: कंट्रोल सोल्युशन. ठरावीक ग्लुकोजचा हा द्राव रक्ताऐवजी स्ट्रिपला लावायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या पट्ट्यात येतो का ते पाहायचं. नवी डबी उघडली, मशीन हातातून पडलं, आकडे विचित्र यायला लागले, तेव्हा हे करावं. आकडा बाहेर गेला तर आधी द्रावाची मुदत बघा (उघडल्यावर साधारण तीन महिने), मग दुसरी डबी. तिथेही बाहेर गेला तरच दोष मशीनचा. मशीनला एरवी सेवा थोडीच लागते: ओलसर फडक्याने पुसायचं, स्ट्रिपच्या खाचेत पाणी जाऊ द्यायचं नाही, सेल बदलल्यावर तारीख-वेळ लावायची, नाहीतर डॉक्टरांना दाखवताना नाश्त्याआधीचे आकडे मध्यरात्रीचे होऊन बसतात.

घाम फुटलाय, हात थरथरताहेत, म्हणजे साखर फार खाली गेल्याची लक्षणं आहेत, आणि मशीन ११० दाखवतंय, तर हात धुऊन पुन्हा मोजा. मोजायला वेळ लागणार असेल तर आधी ग्लुकोज किंवा साखर घ्या, मोजणं नंतर.